पॉवरला पैसे आहेत, पुलीला नाहीत

मंडळी, आज जरा तिखट लिहिणार आहे. घरच्यांपैकी कुणाला हे आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटलं, तर त्याला बरोबर वाटलंय :-)

विषय साधा आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला पट्टा फिरवणारी एक पुली असते. बहुतेक लोक तिला पुलीच म्हणतात आणि सोडून देतात. पण अनेक गाड्यांत ती नुसती पुली नसते, डँपर असतो. मधे हब, त्याच्याभोवती रबराचं कडं आणि बाहेर लोखंडी जड कडं. आमचे ठाण्याचे पुतणे गाडीची पॉवर वाढवून बसले आहेत. ट्यूनिंग झालं, सायलेन्सर झाला, हवेचा फिल्टर झाला. आता कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलंय की हे जड धूड काढून अ‍ॅल्युमिनियमची हलकी पुली टाकली की इंजिन कसं चटकन फिरतं! चांगला डँपर टाक म्हटलं तर म्हणतात, "काका, त्यात पॉवर कुठे वाढते?"

इथेच माझं भांडण आहे.

आधी डँपर करतो काय ते बघू. क्रँकशाफ्ट हा जाड पोलादी दांडा. पण पोलाद म्हणजे दगड नव्हे. प्रत्येक सिलिंडर पेटला की दांड्याला एक ठोसा बसतो, दांडा किंचित पिळला जातो आणि स्प्रिंगसारखा परत उलगडतो. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन ठोसे. मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला १०० ठोसे, तासाला ३ लाख ६० हजार. मागच्या टोकाला फ्लायव्हीलचं वजन, म्हणून ते टोक फारसं हलत नाही. पुढचं टोक मोकळं, सगळी थरथर तिथे. आता दांड्याची स्वतःची एक लय असते. ठोशांची लय तिच्याशी जुळली की थरथर वाढत जाते. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की झोका कुठे जातो, ते लहान पोरालाही माहीत असतं.

डँपरचं जड कडं हा झोका वाढू देत नाही. दांडा थरथरतो, कडं आपल्या वजनाने जागच्या गतीने फिरत राहू पाहतं, मधलं रबर दोघांत रगडलं जातं आणि थरथरीची उष्णता होऊन जाते. संपलं. आवाज नाही, दिखावा नाही. म्हणूनच त्याला कुणी पैसे देत नाही!

ही काही आजची थेरं नाहीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लांब, सहा सिलिंडरांची इंजिनं आली आणि क्रँकशाफ्ट तुटायला लागले. तेव्हा हेन्री रॉइस आणि फ्रेडरिक लँचेस्टर या दोघांनी पिळाच्या थरथरीवर उपाय शोधले. लँचेस्टरचं नाव तर डँपरच्या एका जातीला कायमचं चिकटलं. म्हणजे शंभरहून जास्त वर्षांपूर्वी, दांडे तुटल्यावर आलेलं शहाणपण आपण हौसेखातर पान्याने काढून ठेवणार.

आता प्रतिपक्षाचे मुद्दे घेऊ, कारण ते प्रत्येक लग्नात ऐकतो.

पहिला मुद्दा आमच्या जांबेचा. "आपल्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला कुठे डँपर होता? ते तर वर्षानुवर्षं चाललं." चाललं, कबूल. पण ते एका सिलिंडरचं. त्याचा दांडा आखूड आणि जाड, त्याची लय फार वरची. ते १५०० फेऱ्यांवर बांधलेलं, सेकंदाला जेमतेम साडेबारा ठोसे. ठोशांची आणि दांड्याची गाठच सहज पडत नाही. काही छोट्या गाड्यांनाही कंपनीच साधी पुली देते, याच कारणाने. पण ज्या इंजिनाला कंपनीने डँपर दिलाय, त्याला तो पैसे जास्त झाले म्हणून दिलेला नसतो. एकेका नटबोल्टाचा पैसा वाचवणारे लोक ते!

दुसरा मुद्दा, "हलक्या पुलीने गाडी पळते." रिकाम्या गाडीचा आवाज चटकन चढतो, हे खरं. पण त्याची किंमत कोण देतं? बेअरिंगं देतात. अनेक इंजिनांत क्रँकच्या नाकावरच ऑइल पंप बसलेला असतो. त्याचे गिअर भुकटी दाबून केलेले, थरथरीला ठिसूळ. ते फुटले की तेलाचा दाब गेला, आणि दाब गेला की इंजिन गेलं.

तिसरा मुद्दा सगळ्यात लाडका. "वर्ष झालं, काही झालं नाही." पोलाद थकतं ते असंच, न सांगता. तडा केसाएवढा असताना गाडी छानच पळते.

चौथा मुद्दा, "हे सगळं शर्यतवाल्यांसाठी." उलट आहे हो! अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ज्या ड्रॅग शर्यती झाल्या, त्यात एक फेरी काही सेकंदांची. आमचे पुतणे आमण्याला समृद्धी महामार्गावर चढणार आणि जालन्याला उतरणार. ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून हा सगळा रस्ता एकसलग आहे, मर्यादा ताशी १२०. म्हणजे तीनशेहून जास्त किलोमीटर इंजिन जवळजवळ एकाच फेऱ्यांवर. ती लय नेमकी नको त्या जागी जुळली तर ती तासन्‌तास जुळलेली राहणार. आणि मागच्या सीटवर सूनबाई आणि नात. उगाच नाही बोलत मी.

आता दुसऱ्या बाजूलाही चार शब्द, नाहीतर म्हणाल काका एकच बाजू मांडतात. गाडी कंपनीने दिली तशीच असेल तर महागडा बाहेरचा डँपर लावायची काही गरज नाही. जुना झाल्यावर कंपनीचाच नवा टाका. रबर काळाने कडक होतं, तडकतं, कधी बाहेरचं कडं जागेवरून सरकतं. पट्टा बदलताना बॅटरी लावून एकदा बघायला काय जातं? पण ठोसा वाढवला असेल, किंवा फेऱ्यांची मर्यादा वर नेली असेल, तर कंपनीचा डँपर ज्या हिशेबाने बांधला तो हिशेब बदलला. तिथे सिलिकॉनच्या घट्ट द्रवाचा किंवा तपासून बांधलेला रबराचा डँपर घ्यावा. शर्यतीच्या डँपरसाठी एसएफआय १८.१ हे मानक आहे, ते विचारावं. दुकानातला दिसायला हुबेहूब, स्वस्त डुप्लिकेट घेऊ नये. त्याच्या रबराचा कडकपणा डोळ्याला दिसत नाही.

आणि बसवणाऱ्याच्या हातात हातोडा दिसला तर गाडी घेऊन निघा. डँपर काढायचा तो हबला धरणाऱ्या पुलरने, बाहेरच्या कड्याला ओढून नव्हे. बसवायचा तो स्क्रूच्या हत्याराने दाबत. ठोकलात तर क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर घाव बसतो. मधला बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर नवाच, टॉर्क पान्याने, सांगितलेल्या अंशापर्यंत. काही इंजिनांत क्रँकला चावीच नसते, सगळं त्या बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. टायमिंग लॉक न करता तो सैल केला की वाल्व आणि पिस्टनची गाठ पडलीच म्हणून समजा.

माझा राग पुतण्यावर कमी आणि त्या चालीवर जास्त आहे. पॉवर विकणारा दुकानदार आकडा दाखवतो. इतके घोडे, इतका टॉर्क. न तुटलेल्या क्रँकशाफ्टचा आकडा कुठल्याच कागदावर छापून येत नाही. मग हौसेचे लाख रुपये खर्च होतात आणि त्या हौसेला पेलणाऱ्या भागाच्या वेळी बजेट संपतं. समर्थांच्या गावात बळाची उपासना कुणी नव्याने शिकवायची गरज नाही. पण आखाड्यातल्या जुन्या वस्तादांना विचारा, ते पोराच्या हातात मुद्गल द्यायच्या आधी त्याचे पाय बघतात.

तेव्हा चिरंजीव, सरळ सांगतो. एकतर ट्यूनिंग परत मूळचं करून घे, नाहीतर डँपरचे पैसे काढ. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा वाद आज बाजूला ठेवू, तो समोरासमोर घालू. पण ती हलकी पुली लावून रामनवमीला यायचं असेल तर नातीला एसटीने पाठव. मी जालन्याच्या स्टँडवर घ्यायला येतो.

बाकी मंडळींनी कॉमेंटमध्ये भांडावं. वेळ आहे.