ज्यू कोण? कोकणातील बेने इस्राएलांचा दाखला

ज्यू म्हणजे एका धर्माचा अनुयायी की एका वंशाचा माणूस, हा प्रश्न वरवर पाहता तेल अवीव किंवा जेरुसलेम येथील पंडितांनी सोडवावयाचा आहे. सोलापूरच्या वाचकाने त्यात डोके का शिणवावे, असे कोणी विचारील. तथापि या प्रश्नाचा सर्वांत जाचक अनुभव ज्यांनी घेतला त्यांत अस्सल मराठी बोलणारी माणसे होती, आणि त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर अशी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न इतका परका उरत नाही. इस्राएलमध्ये 2022 च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या आघाडीतील काही पक्षांनी पुनरागमनाच्या कायद्यातील नातवंडांचे कलम रद्द करण्याची मागणी केली. तेव्हापासून हा वाद पुन्हा धुमसत आहे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. पण एवढे निश्चित की, अलिबाग-पेणच्या टापूत तेलाचे घाणे चालविणारी ही मंडळी शनिवारी घाणा बंद ठेवीत आणि म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा विसरली. उरली ती ‘शेमा’ ही प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खवले-पर असलेलीच मासळी खाण्याचा नेम. जोडीला गळ्यात मंगळसूत्र आले, विधवाविवाहाबद्दलचा संकोच आला, आणि एलियाहू हनाबीच्या नावाने पोहे, खोबरे व साखर यांचा मलिदा आला. पुढे त्यांना शास्त्रोक्त धर्म शिकविला तो कोचीनकडच्या ज्यूंनी, आणि गंमत अशी की ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही! डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले ते 1832 साली. शतकाच्या अखेरीस या समाजातील कथेकरी अब्राहाम-मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनाच्या चालीवर रंगवू लागले होते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली बांधले. लोक त्याला मशीदच म्हणत. मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात.

या माणसांना आपण ज्यू आहोत की नाही, अशी शंका कधी शिवली नाही. शंका घेतली ती इतरांनी. बगदादहून आलेले धनाढ्य ज्यू त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. आणि येथे सत्य सांगितलेच पाहिजे की, खुद्द बेने इस्राएलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता. परधर्मीय आईची संतती काळ्यांत गणली जाई. ज्या कसोटीने पुढे सबंध समाजाला छळले, ती त्यांनी आपल्याच भावंडांना आधी लावली होती.

इस्राएल राष्ट्र 1948 साली जन्मले आणि 1950 च्या कायद्याने जगातील प्रत्येक ज्यूला तेथे येण्याचा हक्क मिळाला. बेने इस्राएल हजारोंनी गेले. परंतु तेथे विवाहाचा कायदा धर्मपीठाच्या हाती आहे. 1962 साली मुख्य धर्मगुरू यित्झाक निस्सिम यांच्या कार्यालयाने विवाहनिबंधकांना आज्ञा दिली की, बेने इस्राएल वधूवरांची आई, आजी, पणजी अशी शक्य तितकी मागील मातृपरंपरा तपासावी. घटस्फोट आणि दीराशी विवाह यांसंबंधीचे ज्यू शास्त्र यांनी शतकानुशतके पाळले नव्हते, ही त्यामागील सबब. आता कोकणातल्या खेड्यातील पणजीचा दाखला आणावा कोठून? जेरुसलेममध्ये ठिय्या पडला, उपोषणे झाली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये पंतप्रधान एश्कोल यांच्या सरकारला संसदेची खास बैठक बोलवावी लागली. हा समाज सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहे, असा ठराव झाला आणि धर्मपीठाने आज्ञेतून ‘बेने इस्राएल’ हे नाव गाळले. आज्ञा मात्र राहिली. शंका वाटेल त्या कोणाचीही चौकशी करावी, असे तिचे नवे रूप झाले.

त्याच 1962 साली इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला होता. पोलंडमध्ये नाझींच्या काळात ज्यूंचे प्राण वाचविणारा, स्वतः ज्यू आईच्या पोटी जन्मलेला आणि पुढे ख्रिस्ती संन्यासी झालेला ब्रदर डॅनियल न्यायालयात उभा होता. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो ज्यूच. न्यायालयाने मात्र लोकव्यवहारात त्याला ज्यू म्हणत नाहीत, असे सांगून त्याचा दावा फेटाळला. म्हणजे ज्यांनी श्रद्धा राखली त्यांना वंशाचा पुरावा मागितला, आणि ज्याच्यापाशी वंशाचा पुरावा होता त्याला श्रद्धेच्या नावाने परत पाठविले! 1970 साली कायद्यात व्याख्या घातली गेली: ज्यू आईची किंवा धर्मांतरित, आणि अन्य धर्माची नसलेली व्यक्ती ती ज्यू. येऊन वसण्याचा हक्क मात्र ज्यूची मुले, नातवंडे व त्यांचे जोडीदार यांनाही दिला.

अलीकडे काहींनी रक्तपरीक्षेचा आधार घेतला आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका आनुवंशिक संशोधनात बेने इस्राएलांत ज्यू व भारतीय असे दोन्ही अंश ठळकपणे आढळले. पुष्कळांना आनंद झाला. पण त्याच संशोधनानुसार ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून व भारतीय अंश स्त्रियांकडून आलेला आहे. धर्मपीठाची कसोटी आईची! त्या कसोटीवर हा पुरावा जपून ठेवण्याऐवजी लपविण्याच्याच योग्यतेचा ठरेल. विज्ञानाने वंश सांगितला, हक्क सांगितला नाही. तो सांगणे त्याचे कामही नव्हे.

आमच्याकडे कायद्याने हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने मिटविला आहे. हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये मुसलमान, ख्रिस्ती, पारशी व ज्यू यांना वगळले आहे. त्यांची पणजी कोण हे विचारलेले नाही. महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना धार्मिक अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. अर्थात आपणही फार फुशारकी मारू नये. सिद्धेश्वराच्या या नगरीत, 2018 साली कर्नाटक सरकारने लिंगायतांना वेगळा धर्म मानण्याची शिफारस केली तेव्हा, पंथ कोणता, धर्म कोणता आणि जात कोणती यावर घराघरांत तंटा झालेला अनेकांना आठवत असेल. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा त्यांचे म्हणणे शेवटी ऐकावयाचे, ही खोड जेरुसलेमपुरती नाही.

आमच्या मते कित्येक शतके शनिवार पाळणाऱ्या, ‘शेमा’ म्हणणाऱ्या समाजाचे वर्तन हाच त्याचा दाखला मानावयास हवा होता. धर्मपीठाला आपले शास्त्र सांभाळण्याचा अधिकार आहे. पण विवाह लावणारी दुसरी सोय देशात नसताना त्या अधिकाराची किंमत तरुण वधूवरांनी मोजावी, हे न्यायाचे नव्हे. नातवंडांच्या कलमाचा वाद मुख्यतः रशियाकडून आलेल्यांना उद्देशून आहे, असे म्हणतात. ते खरेही आहे. परंतु कलम गेले तर ठाणे-पनवेलच्या ज्या मुलाचे आजोबा तेवढे बेने इस्राएल होते, त्यालाही तेथील कचेरीत उत्तर मिळेल की, आजोबा आमचे होते, तू नाहीस.