चष्म्याच्या कडेचे गणित

चष्म्याच्या दुकानात गेल्यावर माणूस प्रथम आरसा पाहतो. दोन-चार फ्रेमा नाकावर चढवतो, मान इकडेतिकडे वळवतो आणि शोभेल ती निवडतो. नंबराचा कागद तोवर खिशातच असतो. नंबर लहान असेल तर यात फारसे बिघडत नाही. परंतु नंबर मोठा असेल, चाळिशीनंतरचे प्रोग्रेसिव्ह भिंग हवे असेल आणि फ्रेम ‘रिमलेस’ म्हणजे भिंगाभोवती कडे नसलेली हवी असेल, तर हा क्रम बदलला पाहिजे. आधी मोजमाप, मग फ्रेम आणि सर्वांत शेवटी भिंगाची किंमत, असे माझे मत आहे. ते तुम्ही नुसते मानू नका. दहावीच्या विज्ञानातील भिंगांचे प्रकरण हाताशी घ्या आणि माझ्याबरोबर ताडून पाहा.

समजा, इंदापूर तालुक्यातील शेळगावच्या एका गुरुजींना निकटदृष्टिता आहे आणि नंबर उणे ८ डायॉप्टर. वय पंचेचाळीसच्या पुढे गेल्याने वृद्धदृष्टिताही आली. वाचनासाठी अधिक २ ची भर सांगितली आहे. म्हणजे दूरचे पाहताना उणे ८ आणि वही तपासताना उणे ६. प्रोग्रेसिव्ह भिंगात ही शक्ती वरून खाली हळूहळू बदलत जाते, बायफोकलसारखी मधे रेघ नसते. अशी भिंगे १९५९ साली फ्रान्समध्ये बेर्नार मेतेनाझ यांच्या प्रयत्नाने बाजारात आली.

आता कडेच्या जाडीकडे वळू. अंतर्वक्र भिंग मध्यभागी पातळ व कडेला जाड असते, हे तुम्ही जाणता. किती जाड? साध्या प्लॅस्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. त्यासाठी सोपे सूत्र असे: केंद्रापासून कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, शक्तीने गुणा आणि १००० ने भागा. मध्यापेक्षा कड किती मिलिमीटर जास्त जाड, याचे चांगले अनुमान मिळते. यातील ‘वर्ग’ हा शब्द लक्षात ठेवा. सारे मर्म त्यातच आहे.

फ्रेमेवर ५४–१८ असे आकडे असतात. भिंगाची रुंदी ५४ मि.मी. आणि दोन भिंगांमधील अंतर १८ मि.मी., असा त्यांचा अर्थ. म्हणजे दोन भिंगांचे मध्य ७२ मि.मी. अंतरावर आले. गुरुजींच्या बाहुल्यांमधील अंतर मात्र ६२ मि.मी. आहे. भिंगाचे प्रकाशीय केंद्र बाहुलीसमोर यायचे, तर ते प्रत्येक बाजूस ५ मि.मी. नाकाकडे सरकवावे लागते. मग केंद्रापासून कानाकडची कड २७ अधिक ५, म्हणजे ३२ मि.मी. दूर गेली. सूत्रात घाला: जादा जाडी ८.२ मि.मी.

आता फ्रेम ४६–१६ घ्या. मध्यांतील अंतर नेमके ६२. केंद्र सरकवण्याची गरज नाही. कड २३ मि.मी. वर. जादा जाडी ४.२ मि.मी. म्हणजे निम्मी!

दुकानात बहुधा वेगळा उपाय सुचवला जातो: महागडे, १.६७ अपवर्तनांकाचे ‘पातळ’ भिंग. अशा भिंगात आपल्या सूत्रातील उत्तराला आणखी १.३४ ने भागावे लागते. मोठ्या फ्रेमेत ते भिंग घातले तर जादा जाडी ६.१ मि.मी. येते. लहान फ्रेमेतील साधे भिंग त्याहून पातळ आहे! पैशापेक्षा मिलिमीटर मोलाचे ठरतात, ते असे. अर्थात, लहान फ्रेम आणि १.६७ चे भिंग एकत्र आले तर जाडी ३.२ मि.मी. वर येते.

मग काही दुकानदार म्हणतात तसे, ‘मोठ्या नंबराला रिमलेस नकोच’ हे खरे का? सरसकट खरे नाही. कडेची जाडी झाकायला रिमलेसमध्ये काही नसते, हे मान्य. परंतु त्यात भिंगाचा आकार फ्रेमेच्या कड्याने बांधलेला नसतो. नाकाचा पूल व काड्या थेट भिंगाला जोडलेल्या असल्याने आकार आपल्याला ठरवता येतो. रुंदी कमी करून उंची राखता येते. प्रोग्रेसिव्हला हेच हवे असते. बाहुलीपासून भिंगाच्या खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मि.मी., आखूड रचनेत सुमारे १४ मि.मी. उंची नसेल, तर वाचनाचा भाग कापला जातो आणि गुरुजींना वही दिसत नाही.

रिमलेसच्या खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत. भिंगाला भोके पाडावी लागतात. साधे प्लॅस्टिक भोकापाशी तडकते; म्हणून पॉलिकार्बोनेट, ट्रायव्हेक्स किंवा १.६० व १.६७ ची चिवट भिंगे घ्यावीत. पॉलिकार्बोनेट प्रकाशाचे अपस्करण जास्त करते, त्यामुळे मोठ्या नंबरात कडेला रंगीत झालर दिसू शकते. अधिक नंबराच्या बहिर्वक्र भिंगाची कड पातळ असते. तेथे भोकाला आधार कमी. स्क्रू सैल झाला की भिंग हलते. कबड्डी खेळणाऱ्या मुलामुलींनी तर या फंदात पडूच नये. त्यांना पूर्ण कड्याची फ्रेमच योग्य.

भिंग हलणे किंवा चुकीच्या जागी बसणे ही किरकोळ बाब नव्हे. केंद्र किती सेंटिमीटर सरकले त्याला शक्तीने गुणले, की एक मीटर अंतरावर किरण किती सेंटिमीटर ढळतो ते मिळते. उणे ८ च्या एका भिंगाचे केंद्र दुसऱ्यापेक्षा ३ मि.मी. वर गेले, तर ०.३ गुणिले ८, म्हणजे २.४ सें.मी. दोन डोळ्यांना एकच वस्तू वरखाली दिसू लागते. डोके दुखते, जिन्याची पायरी चुकते. शिवाय प्रोग्रेसिव्हच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्टे असतात. ते टाळता येत नाहीत, हे गणितानेच सिद्ध झाले आहे. स्पष्ट दिसण्याची वाट अरुंद, म्हणून ती बाहुलीसमोरच यायला हवी.

येथेच खरा प्रश्न आहे. शेळगावचा माणूस चष्म्यासाठी बारामती किंवा इंदापूर गाठतो. प्रोग्रेसिव्ह भिंग मात्र त्याने नोंदवल्यावर दूरच्या प्रयोगशाळेत घडते. तेथे त्याचा चेहरा जात नाही, फक्त कागदावरचे आकडे जातात. बाहुलीची उंची फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून मोजली नाही, अंदाजाने लिहिली, तर काही हजारांचा चष्मा पेटीत पडतो आणि घरात म्हटले जाते, ‘यांना प्रोग्रेसिव्ह सोसत नाही.’ पुष्कळदा दोष डोळ्यांचा नसतो, मोजमापाचा असतो. एस.टी.चे भाडे आणि बुडालेला दिवस, हा भुर्दंड वेगळाच.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. भिंगांच्या प्रकरणाबरोबर एक प्रात्यक्षिक घ्या. मिलिमीटरची पट्टी घेऊन मुलांना एकमेकांच्या बाहुल्यांमधील अंतर मोजू द्या आणि वर्गातील चष्म्यांच्या कडांची जाडी सूत्राने काढून व्हर्नियर कॅलिपरने तपासू द्या. कोणाकडे प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर भिंगावर हलकी फुंकर घालून उजेडात तिरके धरा; ३४ मि.मी. अंतरावर कोरलेल्या दोन बारीक खुणा सापडतील. त्यांच्यावरून भिंग बाहुलीसमोर बसले आहे की नाही, हे तपासता येते.

आणि विद्यार्थिमित्रांनो, ‘जाड काचेचा’ म्हणून हिणवले जाण्याच्या भीतीने तुमच्यापैकी कोणी चष्मा दप्तरात ठेवत असेल, तर त्याला किंवा तिला हे सूत्र सांगा. पुढच्या वेळी घरातील कोणाबरोबर दुकानात जाल, तेव्हा खिशात पट्टी न्या. फ्रेम चेहऱ्यावर असताना दोन्ही डोळ्यांची मापे घ्या, असे दुकानदाराला नम्रपणे पण ठामपणे सांगा. आरसा त्यानंतर पाहायला हरकत नाही.