‘सगळं चालतं’ म्हणजे नक्की काय चालतं?

भिशीचा नंबर लागला की त्या पैशांचं काय करायचं, हे आपण बायकांनी महिनाभर आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मीही ठरवलं होतं. नवा कुकर! पण आमची आठवीतली सई सुट्टीत मावशीकडे पुण्याला जाऊन आली, ती मावसभावाच्या जुन्या पीएसपीवरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम डोक्यात घेऊनच. “आई, असं हातात मावणारं यंत्र आपल्याकडेही मिळतं. माझे दिवाळीचे साठलेले पैसे घे, उरलेले तू घाल ना.”

गेलो दुकानात. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१०,००० गेम’. मी मुद्दाम विचारलं, “यात पीएसपीचे गेम चालतात का?” दुकानदार हसून म्हणाला, “ताई, सगळं चालतं.” कुकर राहिला, यंत्र घरी आलं.

आधी मारिओ लावला. काय सुरेख पळाला! मला एकदम माहेर आठवलं. नव्वदच्या दशकात भावाने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि काँट्रा सुरू. माझा नंबर लागायचा तो भाऊ जेवायला बसला की.

मग सईने तिचा शर्यतीचा गेम लावला. गाडी म्हणजे अगदी चिखलात रुतलेली बैलगाडी! आवाज तर टेप अडकल्यासारखा, तुटक तुटक. हे म्हणाले, “गेले पैसे पाण्यात.” सासूबाई म्हणाल्या, “मुलीला हवेत कशाला असले खेळ?” खरं सांगते, दुसरं वाक्य मला जास्त लागलं. भावाला कधी कोणी असं विचारलं नव्हतं.

मलाही वाटलं, यंत्रच खराब निघालं. पण सई चार दिवस चिकाटीने वाचत बसली, बटणं दाबून बघत राहिली आणि एका संध्याकाळी ओट्यापाशी येऊन मला समजावू लागली.

मी म्हटलं, “अगं, पीएसपी २००४ सालचं. त्याचा वेग जास्तीत जास्त ३३३ मेगाहर्ट्झ, असं तूच सांगतेस. तुझ्या खोक्यावर तर १.२ गिगाहर्ट्झ लिहिलंय. म्हणजे साडेतीन पट जास्त. मग अडतंय कुठे?”

“आई, याला स्वतःचं काम करायचं नाहीये, दुसऱ्याचं सोंग घ्यायचंय,” ती म्हणाली. तो गेम लिहिलाय पीएसपीच्या भाषेत. ती भाषा या यंत्राला येत नाही. म्हणून मध्ये एम्युलेटर नावाचा दुभाषा बसवतात. तो प्रत्येक हुकूम वाचणार, या यंत्राच्या भाषेत सांगणार आणि मग काम होणार. एका हुकुमासाठी कितीतरी हुकूम. शिवाय मूळ यंत्रात हिशेब करणारा भाग वेगळा, चित्र काढणारा वेगळा. सगळे एकाच वेळी कामाला. इथे स्वस्तातल्या एकट्या प्रोसेसरने त्या सगळ्यांचं सोंग वठवायचं आणि तेही वेळेत. गेममध्ये सेकंदाला साधारण ६० चित्रं लागतात, म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग. उशीर झाला की गाडी रेंगाळते आणि आवाज तुटतो.

हे मात्र मला लगेच कळलं! लग्नघरात पोळ्या लाटणारी, भाजणारी, वाढणारी अशा चौघी लागतात. ते सगळं एकटीवर टाकलं आणि पंगत मात्र ठरल्या वेळेलाच उठली पाहिजे म्हटलं, तर काय होईल, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

सईने आणखी एक गंमत सांगितली. सुपर निन्टेन्डो हे १९९० सालचं यंत्र. वेग फक्त ३.५८ मेगाहर्ट्झ. पण त्याची अगदी हुबेहूब नक्कल करायची तर ३ गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, असं बीस्नेस या एम्युलेटरच्या निर्मात्याने २०११ मध्ये लिहिलं होतं. म्हणजे आकड्यांत आठशे पटींहून जास्त! मग छोट्या यंत्रांवर हे गेम चालतात कसे? काटकसरीने. हुबेहूबपणाचा हट्ट सोडायचा, एकदा केलेलं भाषांतर जपून ठेवून पुन्हा वापरायचं, मधली काही चित्रं गाळायची. पण काटकसर केली की कुठेतरी उणं राहतंच. एखाद्या गेममध्ये सावलीच दिसत नाही, एखाद्यात आवाज मागे पडतो.

सईने वहीत तीन रकाने आखले. ‘छान चालतात’मध्ये मारिओच्या जमान्यातले आणि गेमबॉयचे गेम. ‘जुळवून घेतलं तर’मध्ये पीएसपीचे काही साधे. आणि ‘नाहीच’मध्ये तिचा शर्यतीचा गेम. स्वतःच्या हाताने लिहिला तिने तो.

ती वही घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने आधी नेहमीचं वाक्य फेकलं, “ताई, तुम्हाला त्यातलं कळणार नाही.” मी वही उघडली. तो गप्प झाला. पैसे परत मिळाले नाहीत, हेही सांगून टाकते. ‘सगळं चालतं’ हे त्याने कुठे लिहून दिलं होतं? आणि कार्डावरचे ते हजारो गेम बहुतेक विनापरवाना नकला असतात, हेही मला तेव्हाच कळलं. आधी विचारायला हवं होतं. चूक माझीही होतीच.

म्हणून मैत्रिणींनो, एवढंच सांगते. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, ज्वारी घेताना मूठभर हातात घेतो. मग यंत्र घेतानाच ‘आपल्याला काय कळतंय’ म्हणून मान का डोलावतो? खोक्यावरचे आकडे वाचून पाकीट उघडू नका. मुलाला किंवा मुलीला जो गेम हवाय तोच दुकानात लावायला सांगा. आवाज मोठा करून दहा मिनिटं चालवून बघा. अडखळला तर सरळ नाही म्हणा.

आणि मुलगी यंत्राशी झटत बसली, तर ‘तुला काय करायचंय’ म्हणू नका. वेळेचं बंधन हवंच, आमच्याकडेही अभ्यासानंतर अर्धा तासच मिळतो. पण त्या चार दिवसांत सई जे शिकली, ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. सासूबाई अजून नाक मुरडतात. मी मात्र आता त्यांना उत्तर देते.

कुकरचं काय? पुढच्या भिशीला बघू. तोही दुकानात झाकण लावून बघितल्याशिवाय घेणार नाही.