घरची बाग : पाणी वरून घालावें कीं खालून?

कुंडींतील झाडांस पाणी नित्याप्रमाणें वरून घालावें, कीं कुंडीच पाण्याच्या पात्रांत ठेवून तें तिला खालून शोषूं द्यावें, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचक-भगिनींनीं अलीकडे विचारला आहे. प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसतो. पाणी तें पाणी. वरून गेलें काय आणि खालून गेलें काय, असें २०२३ सालापर्यंत आम्हांसही वाटत असे. त्या समजुतीची किंमत आम्हांस मातोश्रींच्या तुळशीच्या रूपानें मोजावी लागली. म्हणून केवळ पुस्तकी उत्तर देऊन मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

ही तुळस मातोश्रींच्या माहेरची. रत्नागिरीकडील त्या घराच्या अंगणांतील वृंदावनांतून त्यांनीं मंजिऱ्या आणिल्या, आणि पुढें तें घरच विकलें गेलें. तेव्हां माहेरचें म्हणून जें कांहीं उरलें, तें आमच्या पुण्यांतील तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जांत एका कुंडींत होतें. सज्जावर ओझें नको म्हणून आम्हीं माती अगदीं हलकी केली होती : निम्मा नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्यास बाजारांत कोकोपीट म्हणतात, आणि उरलेल्या निम्म्यांत गांडूळखत व थोडा पोयटा. त्या मे महिन्यांत आम्ही सहकुटुंब बारा दिवस बाहेरगावीं गेलों. परत येऊन पाहतों तों तुळस मान टाकून उभी. मातोश्रींनीं स्नान करून दोन तांबे पाणी घातलें. तें भराभर आंत गेलें आणि खालच्या ताटलींत आलें. पोटभर प्याली बिचारी, असें आम्ही समजलों. दुसऱ्या दिवशीं पुन्हां दोन तांबे, तिसऱ्या दिवशीं पुन्हां दोन. पानें मात्र गळतच होतीं. अखेर कुंडी उचलून पाहिली तों ती रिकाम्या डब्यासारखी हलकी लागली. बोटानें माती उकरली, तर अर्ध्या इंचाखालीं भुकटी!

यांतील मर्म असें आहे. शेतांतील चिकण माती वाळली तरी तिला पाण्याचें वावडें नसतें. सेंद्रिय मिश्रणाचें तसें नाहीं. पालापाचोळा, कुजलेलें खत यांच्या कणांवर मेणासारख्या द्रव्यांचा लेप असतो. तो ओला असेपर्यंत निरुपद्रवी, पण एकदां पुरता वाळला कीं पाण्यास दूर लोटूं लागतो. शिवाय वाळलेलें मिश्रण आकसतें आणि कुंडीच्या कडेशीं फट पडते. वरून ओतलेलें पाणी त्या फटींतून सरळ खालीं उतरतें. मधला गोळा जेथल्या तेथें कोरडा. कोरड्या बेसनांत एकदम पाणी ओतल्यास गुठळ्या बाहेरून ओल्या आणि आंतून पिठूळ राहतात, हें ज्या भगिनींनीं पाहिलें आहे त्यांना अधिक सांगणें नको.

अशा वेळीं खालून पाणी देणें हाच खरा उपाय. आम्हीं घमेल्यांत कुंडीच्या तिसऱ्या हिश्शाइतकें पाणी घेतलें आणि तींत कुंडी ठेविली. प्रथम कांहीं झालें नाहीं. मग बुडबुडे येऊं लागले आणि पाण्याची पातळी हळूहळू उतरूं लागली. वात जशी समईंतील तेल वर ओढते, तसे मातींतील बारीक रंध्रमार्ग पाणी वर ओढतात. रंध्रें जितकीं सूक्ष्म तितकें पाणी अधिक उंच चढतें. नेहमींच्या ओलसर कुंडीस याकरितां वीस ते तीस मिनिटें पुरतात. आमच्या कुंडीचा पृष्ठभाग हातास ओला लागावयास दोन तासांहून अधिक वेळ लागला. तुळशीच्या दोन फांद्या गेल्या, पण बुंध्याजवळ नवी पालवी फुटली. मातोश्रींनीं त्या संध्याकाळीं तिच्यापुढें दिवा जरा अधिक वेळ तेवूं दिला.

येथें आमचें शहाणपण थांबतें तर बरें होतें. परंतु अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण आमच्यासाठींच झाली असावी. खालून पाणी इतकें गुणकारी, तर झाडांस तें अष्टौप्रहर कां मिळूं नये, असा विचार करून आम्हीं सगळ्या कुंड्या ताटल्यांत बसविल्या आणि ताटल्या सदैव भरलेल्या ठेविल्या. जून गेला. पुढें पावसाची झड लागली, हवा दमट झाली, पाणी आटेना. तुळशीचीं पानें पिवळीं पडूं लागलीं. ती तहानेली आहे असें समजून आम्हीं ताटलींत आणखी पाणी घातलें! कोमेजणें हें तहानेचें लक्षण आहे तसेंच तें बुडण्याचेंही आहे, हें आम्हांस तेव्हां उमगलें नाहीं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातींतील सगळीं रंध्रें पाण्यानें भरलीं म्हणजे मुळें गुदमरतात, कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांस बळी पडतात, आणि कुजलेलीं मुळें पाण्यांत बुडालीं असूनही तें पिऊं शकत नाहींत. श्रावणांत कुंडी उपडी केली तेव्हां मुळें तपकिरी, बुळबुळीत झालेलीं होतीं आणि घाण येत होती. मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें वाटलें असतें.

खालून पाणी द्यावयाचें तें पाजून कुंडी उचलण्यासाठीं, तींत तिला नांदविण्यासाठीं नव्हे. पृष्ठभाग ओला होतांच ती बाहेर काढावी, तिरपी करून निथळूं द्यावी. निथळल्यावरही कुंडीच्या तळाशीं एक थर पूर्ण भिजलेलाच राहतो. त्याची उंची मिश्रणाच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नव्हे. म्हणून उथळ कुंडींत मुळांचा मोठा भाग त्या थरांत सांपडतो, उंच कुंडींत थोडा. ज्यांस हें पटत नसेल त्यांनीं भांडीं घासावयाचा स्पंज पाण्यानें भरून आडवा धरावा. ठिबकणें थांबलें कीं तोच उभा धरावा. आणखी पाणी गळेल. तळाशीं खापऱ्या आणि खडे घातल्यानें निचरा सुधारतो ही समजूत घरोघरीं आहे आणि ती चुकीची आहे. सूक्ष्म रंध्रांतील पाणी खड्यांच्या मोठ्या पोकळींत सहसा उतरत नाहीं, आणि तो भिजलेला थर तेवढा वर, मुळांच्या अधिक जवळ येतो. भोंकावर एक खापरी माती अडविण्यापुरती ठेवावी, त्याहून अधिक नको. जुन्या वृंदावनांचा मातीचा स्तंभ उंच असे. तो शोभेसाठीं किंवा पावित्र्यासाठीं असेल, पण तुळशीच्या मुळांनाही तो मानवत असला पाहिजे.

मग वरून घालणें सर्वस्वीं वाईट काय? मुळींच नाहीं. उलट सेंद्रिय मातींत तें अधूनमधून केल्यावांचून चालत नाहीं. आपण वर्षांतून दोन-चार वेळां गांडूळखत किंवा निंबोळी पेंड कुंडींत वरून पसरतों. तिचें अन्नांत रूपांतर करणारे सूक्ष्म जीव ओलाव्यावांचून काम करीत नाहींत. पाणी नेहमींच खालून दिलें तर तो वरचा थर बहुतेक कोरडा राहतो आणि खत कपाटांत ठेवल्यासारखें तेथेंच पडून राहतें. दुसरें, पाण्याबरोबर क्षारही वर चढतात. पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. कूपनलिकेच्या जड पाण्यावर वाढणाऱ्या कुंड्यांच्या मातीवर जो पांढरा थर दिसतो तो बराचसा याचाच. तो खरवडून काढावा, आणि महिन्यांतून एकदां वरून भरपूर पाणी घालून तें तळांतून वाहूं द्यावें. ताटलींत सांचलेलें पाणी अर्ध्या तासांत फेंकावें, नाहींतर धुऊन काढलेले क्षार झाड पुन्हां शोषून घेईल.

वरून घालतांना तांब्या एकदम उपडा करूं नये. प्रथम थोडें घालावें, दहा मिनिटें थांबावें, मग उरलेलें सगळ्या पृष्ठभागावर सावकाश फिरवावें. पहिल्या पाण्यानें माती मऊ होते आणि दुसरें पाणी तिच्यांत मुरतें. मोठी, वजनदार कुंडी उचलून परातींत ठेवण्याचा हट्ट कोणीं करूं नये. कंबर कुंडीहून महाग असते.

खालून पाणी देण्याचा एक फायदा मात्र शहरांतील घरांत फार मोलाचा आहे. सेंद्रिय मातीवर घोंघावणारीं बारीक काळीं चिलटें ओल्या पृष्ठभागांत अंडीं घालतात आणि त्यांच्या अळ्या कोवळीं मुळें कुरतडतात. वरचा इंचभर थर दोन पाण्यांच्या मध्यें वाळूं दिला तर त्यांची वीण बरीच कमी होते. रोपांच्या बाबतींतही हीच रीत श्रेष्ठ, कारण वरच्या धारेनें बारीक बीं वाहून जातें, कोंवळे अंकुर लोळतात.

हें आम्हांस फार लवकर अनुभवास आलें. कुजलेल्या तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्या मातोश्रींनीं पदराच्या गांठींत बांधून ठेविल्या होत्या. २०२४ च्या फेब्रुवारींत आम्हीं त्या चुरडून बीं एका उथळ ट्रेंत, मातीनें न झांकतां, नुसतें पसरलें आणि ट्रे परातींतल्या पाण्यावर दहा-दहा मिनिटें ठेवीत गेलों. नवव्या दिवशीं हिरवे ठिपके दिसले. त्यांतील अकरा रोपें जगलीं. एक आतां वीतभर खोल नव्हे, तर चांगल्या हातभर उंच कुंडींत आहे.

फक्त एका गोष्टीवर मायलेकांत मतभेद उरला होता. खालून पाणी पाजणें मातोश्रींच्या मनास येईना.

"अरे, तुळशीला पाणी डोक्यावरून घालतात. पायांशीं ताट ठेवायला ती काय मांजर आहे?" असें त्या म्हणाल्या.

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. हल्लीं त्या रोज सकाळीं पंचपात्रींतून दोन पळ्या पाणी वरून घालतात, त्याहून अधिक नाहीं. उन्हाळ्यांत आठवड्यांतून दोनदां, त्या देवळांत गेल्या असतां, आम्ही कुंडी हळूच घमेल्यांत ठेवतों आणि त्या येण्यापूर्वीं निथळून जागेवर नेतों. ताटलीभोंवतीं राहिलेलें ओलें वर्तुळ त्यांना दिसत नसेल असें आम्हांस वाटत नाहीं.