मोकळ्या हातांनी रानात

भगिनींनो, आपल्या आया-आज्या रानात गेल्या त्या कशासाठी? जळण आणायला, गवत कापायला, शेळ्या राखायला. रान म्हणजे पायात काटा आणि डोक्यावर मोळी! म्हणूनच मुलांनी "आई, नुसते फिरायला जंगलात जाऊ या" म्हटले, की ती हसते. "चालण्यातच जन्म गेला, आता आणखी कशाला?" म्हणते. तिचे खोटे नाही. पण डोक्यावर ओझे न घेता, घाई नसताना चालणे ही निराळीच गोष्ट आहे. ते सुख तिला कधी मिळालेलेच नसते.

अशा चालण्याला शरद ऋतूसारखा काळ नाही. थंड देशांत या दिवसांत पाने पिवळी-तांबडी होऊन गळतात. आपली पानगळ शिशिरातली. आश्विनात सह्याद्रीचे रान हिरवेगार, ओढे वाहते आणि आभाळ स्वच्छ असते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा म्हटला, की दुष्काळ डोळ्यांपुढे येतो. पण पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटमाथ्यावर पाऊस नुसता कोसळतो. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) इथलेच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली झाले. संगमनेर, अकोले, राजूर करीत भंडारदऱ्याला जावे, तिथून जलाशयाला वळसा घालून रतनवाडीला. प्रवरा नदी इथल्या रतनगडावर उगम पावते. गड चढलाच पाहिजे असे नाही. पायथ्याची वाट ओढ्याकाठाने दाट झाडीतून जाते, तेवढीही पुरे. उतारावर सोनकीची पिवळी फुले, बांधावर तेरडा, शेतात खुरासणी फुललेली. कारवी मात्र साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते. जिच्या काठ्यांचे कूड घराला असतात, तीच ही कारवी.

पहिला अर्धा तास डोक्यात रेशन, फी, उसनवारी यांचाच हिशेब चालतो. मग चढ लागतो, श्वास वाढतो, पाय कुठे ठेवायचा तेवढेच उरते आणि हिशेब आपोआप थांबतो. रात्री पाय दुखतात, पण झोप गाढ लागते. जपानमध्ये १९८२ साली सरकारच्या वनखात्याने जंगलात शांतपणे फिरण्याला "शिनरिन-योकू", म्हणजे वनस्नान, असे नाव देऊन लोकांना त्याची गोडी लावली. पुढे तिथे त्याचा अभ्यासही झाला.

थोडी काळजी मात्र घ्यावी. तळव्याला पकड असलेले बूट, अंगभर कपडे, भरपूर पाणी, गूळ-शेंगदाणे बरोबर हवेत. पाऊस आला तर ओढ्यात उतरू नये. आग्या मोहोळाजवळ धूर, अत्तर, आरडाओरडा नको. गावातला माहीतगार सोबत घ्यावा, त्याचे पैसे ठरल्याप्रमाणे द्यावेत आणि अंधारापूर्वी परतावे. कचरा आपल्याबरोबर परत आणावा. वाटेत एखादी आदिवासी भगिनी भारा घेऊन भेटली, तर आपण बाजूला होऊन तिला वाट द्यावी. तिच्यासाठी हे रान अजून कष्टाचेच आहे.

आणि बंधूंनो, एक तुमच्यासाठी. सहलीच्या पहाटे चारला उठून आईने वीस भाकरी थापायच्या आणि रानात सर्वांना वाढत बसायचे, ही सहल नव्हे. डबा आदल्या रात्री सर्वांनी मिळून करावा, पिशव्या मुलांनी उचलाव्यात. येत्या दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढा आणि आईला मोकळ्या हातांनी पुढे चालू द्या. तिच्या चालीने बाकीच्यांनी चालावे.