चालकाचा अर्धा तास कोणी गिळला?

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडहून रात्रीच्या प्रवासाला पुण्याकडे निघणाऱ्या ट्रॅव्हल्सचा चालक जेवतो कधी? प्रवासी ढाब्यावर उतरतात तेवढ्यात. गाडीभर गिऱ्हाईक आणले म्हणून ढाबेवाला त्याला फुकट ताट वाढतो. ते अर्धे होत नाही तोच मालकाचा फोन : "निघालास का?" भाकरी तशीच टाकून, हात पुशीत तो स्टिअरिंगवर बसतो. पहाटेपर्यंत तीस-चाळीस जीव त्याच्या जड पापण्यांवर! ही नोकरी नव्हे, वेठबिगारी आहे.

कायदा नव्हता, ही सबब कोणी सांगू नये. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 चा. पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला आठ तास काम, एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळीक, मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतीची खोली. सारे त्यात लिहिले होते. आता तो 2020 च्या कामगारविषयक संहितेत विलीन झाला. म्हणजे या फडताळातला कागद त्या फडताळात गेला!

एसटीवाल्यांचे तरी काय? 2021-22 मध्ये पाच महिन्यांवर संप चालला, पगारवाढ पदरात पडली. खेड्यातल्या मुक्कामी गाडीचे चालक-वाहक मात्र अजून सीटवरच पथारी टाकून डास मारतात आणि पहाटे पहिली फेरी काढतात.

आणि गाडी उलटली की ठरलेले वाक्य : चालकाला डुलकी लागली. गुन्हा त्याच्यावर. सकाळी पुण्यात पोचलेल्याला त्याच रात्री परतीला जुंपणारा मालक फिर्यादीत शोधूनही सापडत नाही. युरोपात साडेचार तास गाडी हाकली की 45 मिनिटे थांबावेच लागते, आणि गाडीतले यंत्र त्याची नोंद ठेवते. आमचे परिवहन खाते पीयूसी बघते, विमा बघते, फिटनेस बघते. चालक किती तासांचा जागा आहे, हे विचारायला त्याची जीभ रेटत नाही. यंत्र नाही, असेही रडू नये. गाडी कुठे, किती मिनिटे थांबली, हे मालक घरबसल्या जीपीएसवर बघतो. चालकाला दटावण्यासाठी वापरली जाणारी तीच नोंद सरकारने मागावी.

नांदेडच्या परिवहन आणि कामगार अधिकाऱ्यांनी ती नोंद मुखेडात, गाडी सुटते तिथेच तपासावी. लांबच्या गाडीत दुसरा चालक नसेल तर ती सोडू नये. विश्रांती नाकारून अपघात झाला, तर आरोपींत मालकाचे नाव पहिले हवे. आणि प्रवाशांनो, तिकीट काढताना एसी आहे का, हे विचारता. दुसरा चालक आहे का, हेही विचारा.