रद्द झालेली दुरुस्ती, मोकाट सुटलेला दोष

दोष सापडला, दुरुस्त झाला, मग दुसरीच अडचण उद्भवली म्हणून दुरुस्ती काढून टाकली गेली. पुढे अकरा वर्षे तिकडे कोणी फिरकले नाही. हे एखाद्या पुलाचे वर्णन वाटेल. पण ही गोष्ट लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची आहे. असंख्य सर्व्हर आणि यच्चयावत अँड्रॉइड फोन त्यावरच चालतात.

संगणकाची मेमरी 'पाने' पाडून वाटली जाते. अनेक प्रोग्रॅमना एकच मजकूर हवा असेल तर कर्नल सर्वांना एकच पान वाचायला देतो. त्यावर कोणी लिहू लागला की तेवढ्यापुरती वेगळी प्रत काढून त्याच्या हाती ठेवतो. 'कॉपी ऑन राइट' ही काटकसरीची युक्ती उत्तमच आहे. गोम होती ती वेळेत. कचेरीतल्या कारकुनाने झेरॉक्स काढली, 'प्रत दिली, आता लिहायला हरकत नाही' असे मनाशी ठरवले आणि पेन घ्यायला वळला. तेवढ्यात अर्जदाराच्या जोडीदाराने झेरॉक्स फाडून टाकली. कारकून परतला तर समोर मूळ नोंदवही. परवानगी झालेलीच होती, त्याने तिच्यातच लिहिले! कर्नलमध्ये नेमके हेच घडे. साध्या वापरकर्त्याला केवळ वाचण्यापुरती असलेली सिस्टिमची फाइल बदलता येई आणि तिथून सगळ्या यंत्राचा ताबा मिळवता येई.

लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये यावर उपाय केला होता. आयबीएमच्या मेनफ्रेमवर त्याने अडचण आली, म्हणून तो मागे घेतला गेला. मेनफ्रेमचा प्रश्न पुढे सुटला. उपाय मात्र परत आला नाही. दोन कामांची अशी गाठ पडणे तेव्हा कागदावरचीच शक्यता होती. कर्नल सुधारत गेला, तसे ते सोपे झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डर्टी काऊ' नावाने हा दोष जगासमोर आला, तोवर हल्लेखोर तो वापरूही लागले होते. यंत्र बंद पडत नाही, लॉगमध्ये खूण उरत नाही, मग शोधायचे कुठे? फिल ओएस्टर यांनी आपल्या सर्व्हरवर येणारी सगळी वाहतूक साठवून ठेवली होती, म्हणून हल्ल्याचा प्रोग्रॅम हाती लागला. एरवी तो आणखी किती काळ चालला असता कोण जाणे.

टोरवाल्ड्स यांनी जुन्या प्रयत्नाची कबुली दुरुस्तीसोबतच्या टिपणात स्वतःच दिली, हे कौतुकास्पद. पण 'सहसा घडणार नाही' हा शेरा कायमचा मानणे चूकच. मागे घेतलेल्या दुरुस्तीचे कारण संपले की ती पुन्हा तपासण्याची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर हवी. कारण घाईत तपासलेला उपायही पुरत नाही: मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत २०१६च्या दुरुस्तीतच फट राहिली होती, ती २०१७च्या अखेरीस उघड झाली.

त्याच वर्षी 'झेडनियू' हा घातक प्रोग्रॅम डर्टी काऊच्याच वाटेने अँड्रॉइड फोनमध्ये शिरला. बळी पडलेल्यांत सर्वाधिक चीन आणि भारतातले. दुरुस्ती तेव्हा उपलब्ध होती. पण ती फोनपर्यंत पोचवणे कंपनीच्या हाती, आणि स्वस्त फोन विकला गेला की कंपनीला त्याची आठवण फार दिवस राहत नाही. सुरक्षा-अपडेट किमान केव्हापर्यंत मिळतील हे जाहीर करणे ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सक्तीचे केले. भारतात ती तारीख खोक्यावर, किमतीशेजारीच छापायला लावावी.